वसंता, आपण रडके होतो

वसंता,

काल तुझी तेरवी झाली. माणसं पुष्कळ आली. भजनी मंडळानं तुझ्या नावानं टाळ कुटले तेव्हा त्या सगळ्या दुःखातही मला हसू आलं. तू म्हणायचास, "बाई, हे लोक देवाले जागवून राहिले का झोपवून राहिले?" जेवणं उरकली. जाता जाता प्रत्येक जण बांच्या पुढ्यात क्षणभर थांबायचा आणि म्हणायचा, "सुटला बिचारा." कोणी म्हणालं, गरीब स्वभावाचा होता, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तू, वसंता! मंडईच्या भर जत्रेत माईक हातात घेऊन लोकांच्या जेवणाचा घास अडकवणारा तू, आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात!

एकाही माणसाला आठवलं नाही, की तुझा एक बँड होता. आठवलं असेल, तर मेलेल्या माणसाचं वाईट कशाला काढा म्हणून गप्प बसले असतील.

म्हणून हे लिहिते आहे. बहीण म्हणून नाही, बहिणीचं रडून झालं आहे. 'रडके'मधली पेटीवाली म्हणून लिहिते आहे.

आई गेली तेव्हा तू एवढासा होतास आणि तुझे हातपाय चेपायचं काम तेव्हापासून माझं. थंडी पडली, तलावात डुंबून आलास, रोवण्याच्या, धानाच्या लावणीच्या चिखलात उभा राहिलास, की तुझी हाडं दुखायला लागायची. गुडघे सुजायचे, कोपरं सुजायची. तू ओरडायचास. बा तलावाच्या पाळीवरून घरी यायचे, दारात उभे राहून तुझ्याकडे बघायचे आणि बैलांना पाणी दाखवायला निघून जायचे. वैद्य म्हणायचा वात आहे. गाव म्हणायचं कामचुकारपणा आहे. सगळं गाव धानावर जगतं, तिथं चिखलात न उतरणारा पोरगा म्हणजे घराची लाजच. "पोट्ट्याचे हाडं रोवण्यातच बरे दुखतेत!" असं लोक बांच्या तोंडावर म्हणायचे. बा उत्तर द्यायचे नाहीत. तुझ्या बाजूनंही बोलायचे नाहीत आणि त्यांच्याही नाही.

मग तू नागपूरला कॉलेजात गेलास आणि वर्षभरात परत आलास. तिथं हिवाळाभर खोलीत पडून होतास, परीक्षा बुडाली. सोबत वळकटी होती आणि एक गिटार होती. विजेवर चालणारी, एक तार नसलेली, कुठल्याशा मोडलेल्या ऑर्केस्ट्रातली. अंगणात बसून तू ती वाजवलीस, तर आवाजच येईना. शेजारची काकू म्हणाली, "हे कोनतं मुकं वाजं आनलं रे बापू?"

तिला बोलतं केलं किसनानं. किसना तुझा शाळेपासूनचा दोस्त. त्यांच्या घरी लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता आणि लग्नसराईत तो बँडमध्ये ड्रम वाजवायचा. राईस मिलच्या मागच्या शेडमध्ये, मिल बंद होती त्या दिवशी, तुम्ही गिटारची वायर त्याच्या मशीनला जोडली. मी तुमचे डबे घेऊन आले होते म्हणून मला सगळं बघायला मिळालं. ते मशीन बिचारं लग्नातल्या गाण्यांसाठी होतं. त्याला गिटार झेपली नाही. भोंग्यातून जो आवाज निघाला तो कोणी टिनाचा पत्रा हातानं फाडावा तसा होता. शेडमधली कबुतरं उडाली. किसना धावला.

"अबे बंद कर! मशीन जळून जाईन ना!"

तू हात आडवा धरलास. तुझा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "राहू दे किसना," तू म्हणालास. "असंच दुखते मले. बिलकुल असंच."

त्यानंतर मिल बंद असली की आपण तिघं तिथं. पेटी मी भजनीबुवांकडे शिकले होते. मला अभंगाच्या चाली यायच्या, किसनाला वरातीचे ठेके यायचे आणि तुला काहीच धड यायचं नाही. यातून जे निघालं ते कशासारखंच नव्हतं. किसनाचा वरातीचा ठेका तू इतका सावकाश करायला लावायचास की वरात नवरीच्या दाराशी न जाता दुसरीकडेच निघाली आहे असं वाटायचं. वर तो फाटका भोंगा. आणि तुझा आवाज. तुझा आवाज चांगला नव्हता, वसंता. हे मी तेव्हाही सांगितलं होतं आणि आजही सांगते. इतर गाणारे श्वास लपवतात, तू लपवायचा नाहीस. वरच्या सुरावर गेलास की तो हमखास फाटायचा आणि तू तो सावरायचा नाहीस, तसाच फाटका पुढे न्यायचास.

आपल्याकडे दुःखाची गाणी काय थोडी आहेत? पण गाण्यातलं दुःख कायम दुसऱ्या कोणाचं तरी असतं, देवाच्या भक्ताचं किंवा सिनेमातल्या हिरोचं. तुझं दुःख तुझ्या नावागावासकट यायचं.

*हाडं बोलतेत माही, आयका ना कोनी,*
*आंगनात सारे बसले, कान नाही कोनी.*

एवढंच गाणं. हेच तू पंधरा वेळा म्हणायचास आणि प्रत्येक वेळी ते जास्त खरं व्हायचं.

अड्याळच्या मंडईतला आपला पहिला कार्यक्रम मी मरेपर्यंत विसरणार नाही. दिवाळी झालेली, धान कापणीला आलेलं, माणसं खुशीत. दंडारीचा खेळ सुरू व्हायला उशीर होता, तोवर लोकांना बसवून ठेवायला कोणीतरी हवं म्हणून किसनाच्या ओळखीनं आपल्याला उभं केलं. आयोजकांना वाटलं होतं, आपण सिनेमाची गाणी म्हणू. तू हाडांचं गाणं सुरू केलंस. मग मागून एक जण ओरडला, "अरे, हे तं रडके आहेत!" हशा पिकला. पोरं हुंदके द्यायची नक्कल करायला लागली. मी पेटीचा भाता बंद करायला लागले. तेवढ्यात तू माईक तोंडाजवळ घेतलास.

"हो भाऊ," तू म्हणालास, "आमी रडके. बराबर वळखलं. आता दुसरं रडनं आयका."

त्या दिवसापासून आपलं नाव 'रडके' पडलं. लोकांनी हिणवायला दिलेलं नाव तू किसनाच्या भोंग्यावर पांढऱ्या रंगानं लिहून टाकलंस. किसना म्हणाला, "अबे, लग्नाचे गिऱ्हाईक पळून जातीन." तू म्हणालास, "लग्नातच तं लोक सगळ्यात जास्त रडतेत."

भंडाऱ्याच्या कॉलेजातल्या त्या प्राध्यापकांचंही आठवतं. गॅदरिंगमध्ये ऐकून ते मागे आले आणि म्हणाले, "याला रॉक म्हणतात, माहीत आहे का? पण रॉकमध्ये पोरं उड्या मारतात. तुम्ही रडता काय?" तू अगदी गंभीरपणे उत्तर दिलंस, "सर, उड्या मारल्या का माहे गुडघे सुजतेत." ते हसले. तू थट्टा करत नव्हतास हे त्यांना कळलंच नाही.

आणि पवनीचा तो हवालदार! संध्याकाळची वेळ, बंदोबस्ताला आलेला, मोठ्या मिशांचा माणूस. आपल्याकडे पाठ करून लोकांकडे तोंड करून उभा. तू आपल्या बांवर रचलेलं गाणं म्हणत होतास. मी पेटीवरून त्याची पाठ बघत होते आणि ती पाठ हलायला लागली. गाणं संपल्यावर तो स्टेजजवळ आला. डोळे लाल. म्हणाला, "आवाज बंद करा. पब्लिकले तरास होऊन राहिला." किसना घाबरून वायरी काढायला लागला. हवालदार तिथंच घुटमळला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "ते बापाचं एक डाव अजून म्हना. मंग बंद करा."

आपल्याला मिळालेली सगळ्यात मोठी दाद तीच. दुसरी कुठलीच मला आठवत नाही.

आता त्या गाण्यावर येते, कारण त्यावरून आपलं जे भांडण झालं ते मिटलंच नाही.

*बा, तुले धानाचं समजते, पान्याचं समजते,*
*बैलाच्या डोळ्यातलं दुखनं तुले समजते,*
*मले पाहून तू आभाळाकडं काहून पाहतं?*

पवनीत म्हटलंस, अड्याळला म्हटलंस, माझं काही म्हणणं नव्हतं. पण आपल्या गावच्या मंडईत, बा पुढच्या रांगेत बसलेले असताना ते म्हणायचं तू ठरवलंस, तेव्हा मी पेटी वाजवायला नकार दिला.

"बाई, ज्याच्यासाठी केलं त्यालेच नाही आयकवाचं?"

"घरी आयकव. भाकर खाताना म्हन त्याह्यच्यापुढं. गावापुढं कायले?"

"घरी ते उठून जातेत."

"इथूनबी जातीन."

"जाऊ दे. पन गाव तं पाह्यन, का कोन उठून गेलं."

तू किसनाला घेऊन पेटीशिवाय ते म्हटलंस. बा उठून गेले. गाणं अर्ध्यावर असताना, धोतराचा सोगा सावरत, कोणाकडे न बघता, गर्दीतून वाट काढत. गावानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे धानाच्या बांधीवर गेले, तू नेहमीसारखा खाटेवर पडून होतास आणि घरात तुमच्या दोघांमधलं उरलंसुरलं बोलणंही संपलं.

मला आजही वाटतं, मी बरोबर होते. तुलाही शेवटपर्यंत वाटत होतं की तू बरोबर होतास. दरवर्षी भाऊबीजेला आपण हा विषय काढायचो आणि दरवर्षी तो अर्धवट सोडून जेवायला बसायचो. यंदा मी माझ्या बाजूचा नवा मुद्दा तयार ठेवला होता. आता तो कोणाला सांगू?

नागपूरचा एक ऑर्केस्ट्रावाला तुला न्यायला आला होता. तुझं गाणं त्याला आवडलं नव्हतं, तुझा फाटका आवाज आवडला होता. म्हणाला, "सिनेमाचे दुखी गाने म्हन, पब्लिक डोक्यावर घेईन." तू नाही म्हणालास. तो गेल्यावर मी चिडले तेव्हा तू म्हणालास, "दुसऱ्याचं दुःख मी कायले गाऊ बाई? मले माहंच पुरते." तुझ्या या वाक्यावर किसना कितीतरी दिवस हसत होता. काल मात्र तो तेच वाक्य पुन्हा म्हणाला आणि उठून पंगतीत वाढायला गेला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तुझा खुबा धरला. इतका की पाय जमिनीला टेकवेना. किसना आणि मी तुला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं रक्त तपासलं, मग पाठकोऱ्या कागदावर एक गोल काढला आणि त्याच्या शेजारी एक विळा. चांगल्या माणसाच्या रक्तातल्या पेशी अशा गोल असतात, तुझ्या अशा वाकड्या आहेत. त्या नसांमध्ये अडकतात, म्हणून हाडं दुखतात. जन्मापासूनचं आहे. औषध नाही. थंडी टाळा, पाणी खूप प्या, चिखलात उतरू नका.

चिखलात उतरू नका! एवढ्या वर्षांनी कोणीतरी तुझ्या बाजूनं बोललं. मला वाटलं तू रडशील. तू हसलास.

"बाई, माह्या रक्तात विळे आहेत," तू म्हणालास. "बाले सांगजो, मीबी कापनी करून राहिलो. आतून."

मी सांगितलं बांना. तुझे शब्द नाही, डॉक्टरचे. ते ऐकून ते बराच वेळ हाताचे तळवे बघत बसले.

मग बँड कधी संपला ते सांगता येत नाही. शेवटचा कार्यक्रम म्हणून काही झालाच नाही. तुझ्या खांद्याचं हाड झिजलं, गिटारचा पट्टा सहन होईना. किसना भंडाऱ्याला लग्नाच्या बँडमध्ये कायमचा लागला. माझं लग्न होऊन मी कारध्याला गेले. मिलच्या शेडमध्ये किसनानं एकदा आपली चार गाणी टेपवर भरली होती. पुढे कोणाच्या तरी लग्नात कोरी कॅसेट मिळेना, त्यानं तुला विचारलं आणि तू म्हणालास, "भर त्याच्यावर. नवरीचं रडनं आपल्याहून बरं असते." आता त्या कॅसेटवर शहनाई आहे. काल पंगती उठल्यावर किसना आणि मी मागच्या अंगणात बसून तुझी गाणी आठवायला लागलो. हाडांचं आलं. बांचं आलं. तलावाच्या गाण्याचं दुसरं कडवं त्याला एका चालीत आठवत होतं, मला दुसऱ्या, आणि शब्द दोघांनाही नाही. आम्ही बराच वेळ गुणगुणत बसलो. मग थांबलो. ते कडवं गेलं, वसंता. तुझ्याशिवाय ते कोणाकडेच नव्हतं.

तुला अजून एक सांगायचं राहिलं. तू दुखण्यात होतास म्हणून बोलले नाही. माझ्या लेकीची बोटं गेल्या हिवाळ्यात सुजली होती. हाताचीही आणि पायाचीही. सासूबाई म्हणाल्या, दात येत असतील. मला माहीत आहे ते काय आहे. रक्त तपासायला तिला नागपूरला न्यायचं आहे आणि माझे पाय उचलत नाहीत. ती रडते तेव्हा शेजारपाजारच्या बाया म्हणतात, "उगी, उगी, शहाणी ना तू." मी तिला उगी म्हणत नाही. मी म्हणते, रड बाई, मोठ्यानं रड, मी ऐकते आहे. हे मला तू शिकवलंस. दुसरं काही देण्यासारखं तुझ्याकडे नव्हतंच.

आता तो दिवस.

पाऊस आठवडाभर हटला नव्हता. बा आणि शेजारचा एक जण तुला जीपमध्ये घालून गावाहून निघाले होते, भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यायला. तुझ्या छातीत दुखत होतं, श्वास पुरत नव्हता. कारध्यापर्यंत आले आणि वैनगंगेच्या पुलावर पाणी. दोन्हीकडे पोलीस उभे, कोणालाही सोडत नव्हते. बांनी तुला माझ्या घरी आणलं. माझ्या ओसरीतून पलीकडचं भंडारा दिसतं, वसंता. घरं दिसतात, झाडं दिसतात, चुलीचा धूर दिसतो. मधे ते गढूळ पाणी, आणि पाणी ओसरायची वाट बघत बसलेलो आपण.

तू ओरडत होतास. गल्लीतली माणसं दारात जमली. एक म्हातारे म्हणाले, "देवाचं नाव घे बेटा, बरं वाटन." तू मान वळवून त्यांच्याकडे पाहिलंस आणि तुटक तुटक म्हणालास, "घेऊन पाह्यलं बाबाजी. सूर नाही लागत."

माझे यजमान होडीवाल्याकडे दोनदा जाऊन आले. एवढ्या धारेत कोणी होडी घालायला तयार नव्हतं आणि त्यांचं चूक नव्हतं. बा तुझ्या पायथ्याशी बसून होते. तुझे दोन्ही पाय त्यांनी मांडीवर घेतले होते आणि ते चेपत होते. जे काम लहानपणापासून माझं होतं, ते त्यांना येत होतं, कुठं जोर द्यायचा आणि कुठं नाही हे विचारावंही लागत नव्हतं. त्यांनी ते किती वर्षं दारात उभं राहून बघितलं होतं, ते मला तेव्हा समजलं. तू त्यांच्याकडे बघत होतास. ते खाली, तुझ्या पायांकडे बघत होते. मला वाटत होतं, आता बोलतील. तूही वाट बघत असशील. दुपार कलली तेव्हा तुझं ओरडणं थांबलं. मला क्षणभर बरं वाटलं. आवाज थांबला म्हणून बरं वाटणाऱ्या माणसांवर आपण आयुष्यभर चिडलो, आणि त्या क्षणी मीही त्यांच्यातलीच झाले. मग बांचे हात थांबले, तेव्हा कळलं.

रात्रीतून पाणी उतरलं. सकाळी पूल उघडा पडला, चिखलानं माखलेला. पोलिसांनी अडसर काढला आणि पहिली एसटी हॉर्न वाजवत पलीकडे निघून गेली. तुला गावाकडे न्यायला ट्रॅक्टर यायचा होता. अंगणात माणसं जमत होती आणि बा कुठं दिसेनात. मी शोधत रस्त्यावर आले. ते पुलावर होते. एकटे, अनवाणी, त्या चिखलातून भंडाऱ्याच्या बाजूनं परत येत होते. सावकाश चालत ते माझ्यापर्यंत आले.

मी विचारलं, "बा, कुठं गेलते तुमी?"

त्यांनी मागे वळून पुलाकडे पाहिलं.

"पलीकडं जाऊन आलो," ते म्हणाले. "वसंताले घेऊन जाऊ म्हटलं होतं ना."

वसंता, तुझं नाव मी त्यांच्या तोंडून किती वर्षांनी ऐकलं, मला सांगता येणार नाही. तू आत ओसरीत होतास. पांढऱ्या कापडाखाली. तुला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते बोलले नव्हते.